हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी

वडिलांचं दिवसकार्य आटोपतं, पाहुणे पांगतात आणि महिन्याभरात बहिणीला फोन येतो, "तालुक्याला एकदा येऊन जा, वारसाची सही लागते." कचेरीत पोचल्यावर समोर येतं ते हक्कसोडपत्र. मजकूर टाइप झालेला, मुद्रांक घेतलेला, दोन साक्षीदार बाकावर बसलेले आणि दुय्यम निबंधकाकडचा नंबर जवळ आलेला. फोटो, अंगठा, सही. पंधरा मिनिटांत काम होतं आणि बहीण संध्याकाळच्या एसटीने सासरी परतते.

हिंदू वारसा कायद्यात मुलीचा हक्क आज पुरता पक्का आहे. तरीही सातबाऱ्यावर बहिणींची नावं टिकत नाहीत, ती जातात या पंधरा मिनिटांत. हक्क सोडूच नये असं कोणी सांगू नये. भावाने कर्ज फेडलं असेल, आईवडिलांचं सगळं केलं असेल, तर बहिणीने आपखुशीने हिस्सा सोडणं हाही तिचाच अधिकार आहे. पण काय सोडतोय आणि किती सोडतोय हे कळल्याशिवाय केलेली सही मला मान्य नाही. म्हणून हे सगळं सविस्तर.

पहिला प्रश्न मिळकतीचा: ही वडिलोपार्जित आहे की वडिलांची स्वतःची? गावात आजोबांकडून आलेली कुठलीही जमीन 'वडिलोपार्जित' म्हणतात. कायद्यात तसं नाही. आजोबांनी स्वतः कमावलेली जमीन, आजोबा १९५६ नंतर मृत्युपत्र न करता वारले आणि ती हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे वडिलांकडे आली, तर ती वडिलांच्या हातात त्यांची स्वतःची मिळकत ठरते. सर्वोच्च न्यायालयाने चंदर सेन प्रकरणात १९८६ साली आणि युधिष्ठिर प्रकरणात १९८७ साली हे स्पष्ट केलं. अशा जमिनीत मुलालाही जन्माने हक्क नाही आणि मुलीलाही नाही. वडील हयात असेपर्यंत ती विकायला, बक्षीस द्यायला किंवा मृत्युपत्राने कोणालाही द्यायला मोकळे असतात. याउलट जमीन पणजोबा-आजोबांपासून एकत्र कुटुंबाची म्हणून चालत आली असेल आणि तिचं वाटप झालेलं नसेल, तर तिथे जन्मतः हक्क येतो आणि २००५ नंतर तो मुलालाही आहे, मुलीलाही आहे.

हे ठरवायचं कसं? सातबारा उतारा हातात घेतला की खातेदाराच्या नावाशेजारी फेरफार क्रमांक दिसतो. तो फेरफार काढायचा. त्यात आधीच्या खातेदाराचं नाव आणि जमीन कशी आली ते लिहिलेलं असतं: वारसाने, खरेदीने, वाटपाने की कुळकायद्याच्या कलम ३२ग खाली, म्हणजे कुळाला विकत मिळून. मग त्याच्या मागचा फेरफार, मग त्याच्याही मागचा. तीन-चार पायऱ्या मागे गेलं की चित्र उघडं होतं. जुने फेरफार तहसीलच्या अभिलेख कक्षात नक्कल अर्ज देऊन मिळतात आणि पुष्कळ तालुक्यांचे आता स्कॅन झालेले आहेत. वकिलाकडे जाताना हा गठ्ठा बरोबर असला तर पहिल्याच भेटीत निम्मं काम होतं.

फरक किती पडतो ते आकड्यांत पाहू. दहा एकर जमीन, वडील २०१० साली वारले, मागे पत्नी, दोन मुलगे, एक मुलगी. जमीन एकत्र कुटुंबाची असेल तर मृत्यूच्या क्षणाआधी वाटप झालं असं कायदा धरतो. वडील, आई आणि तीन मुलं असे पाच जण, म्हणून प्रत्येकी दोन एकर. मग वडिलांचे दोन एकर आई आणि तीन मुलांत सारखे, म्हणजे प्रत्येकी वीस गुंठे. मुलीला एकूण अडीच एकर. आता समजा वडिलांनी 'सगळी जमीन दोन्ही मुलांना' असं मृत्युपत्र केलंय. ते चालतं, पण फक्त त्यांच्या दोन एकरांपुरतं. मुलांना तीन-तीन एकर, आईला आणि मुलीला दोन-दोन. तीच दहा एकर वडिलांनी स्वतः खरेदी केलेली असेल तर? मृत्युपत्र नसेल तर चौघांना अडीच-अडीच. मृत्युपत्र असेल तर मुलीला शून्य. एकाच घरातली एकच जमीन, आणि उत्तर अडीच एकर, दोन एकर किंवा काहीच नाही. गोव्यात आईवडिलांना निम्म्याहून जास्त मिळकत मृत्युपत्राने अशी दुसरीकडे वळवता येत नाही, कारण तिथल्या वारसा कायद्याने निम्मी मिळकत मुलांसाठी राखून ठेवली आहे आणि त्यात मुलगा-मुलगी सारखे. आपल्याकडे तशी तरतूद नाही, म्हणून मिळकतीचा प्रकार तपासण्याला इतकं वजन आहे.

तारखांचा घोळ अजून मिटलेला नाही. महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना सहदायिक, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मतः हिस्सेदार केलं, पण त्या दिवशी अविवाहित असलेल्यांनाच. आधी लग्न झालेल्या बहिणी बाहेर राहिल्या. केंद्राची दुरुस्ती ९ सप्टेंबर २००५ पासून आली आणि तिने लग्नाची अट ठेवली नाही. मग वडील त्या तारखेला हयात हवेत का यावर वाद झाला. २०१५ साली प्रकाश वि. फुलवती निकालात हवेत असं ठरलं, २०१८च्या दानम्मा निकालाने वेगळा सूर लावला, आणि ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा वि. राकेश शर्मा प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने वाद संपवला. हक्क जन्माने आहे, वडील २००५ साली हयात असण्याची गरज नाही. मुलगी मात्र ९ सप्टेंबर २००५ रोजी हयात असायला हवी. ती आधीच वारली असेल तर तिच्या मुलांना सहदायिक हक्क मिळत नाही, पण तिच्यामागून वारलेल्या आजोबांच्या मिळकतीत पूर्वमृत मुलीची मुलं म्हणून ती पहिल्या वर्गातली, म्हणजे पत्नी-मुलांच्याच रांगेतली वारस आहेतच. आजही काही नोटिसांच्या उत्तरात फुलवतीचा हवाला दिसतो. २०२० नंतर त्याला अर्थ उरलेला नाही. वडील १७ जून १९५६ च्या आधीच वारले असतील तर गोष्ट निराळी, तिथे जुना हिंदू कायदा लागतो आणि मुलीची बाजू बरीच कमजोर होते.

भावांकडून येणारा नेहमीचा बचाव म्हणजे "वाटणी केव्हाच झाली." कायद्याने संरक्षण दिलंय ते २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेल्या वाटपाला. त्याच दिवशी दुरुस्ती विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं. शिवाय ते वाटप नोंदणीकृत दस्ताने किंवा न्यायालयाच्या हुकूमनाम्याने झालेलं हवं. तोंडी वाटणीचा दावा अपवादानेच मान्य होतो, आणि तोही त्या काळच्या सार्वजनिक कागदपत्रांचा भक्कम आधार असेल तरच. वेगळे सातबारे, वेगळ्या खातेउताऱ्यांवर वर्षानुवर्षं भरलेला सारा, वेगवेगळी सोसायटीची कर्जं असं सगळं जुळून आलं तर न्यायालय विचार करतं. चुलत्याने आणि गावातल्या दोन माणसांनी दिलेली प्रतिज्ञापत्रं पुरत नाहीत.

राहत्या घराबद्दलही जुनीच समजूत चालू आहे. पुरुष वारस वाटप मागत नाहीत तोवर मुलीला घराचं वाटप मागता येत नाही, असं कलम २३ होतं. ते २००५ साली वगळलं.

आता तलाठ्याच्या दप्तराकडे वळू. पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात. खातेदार वारला की तीन महिन्यांत तलाठ्याकडे वर्दी, म्हणजे वारसांची लेखी खबर द्यायची असते. मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, खातेउतारा आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र जोडायचं. ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइन अर्जही करता येतो. नाव आधी गाव नमुना ६-क या वारस नोंदवहीत जातं, मग नमुना ६ मध्ये फेरफार धरला जातो, हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. हरकत आली तर प्रकरण ६-अ या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि शक्यतो वर्षभरात निकाली काढायचं असतं.

चूक होते ती प्रतिज्ञापत्रात. भाऊ वारसांची यादी देतो आणि त्यात बहिणीचं नाव नसतं. नोटीस निघते, पण माहेरच्या पत्त्यावर, आणि ती घेतो तोच भाऊ. बहिणीने करायची गोष्ट साधी आहे: भावाच्या फोनची वाट न पाहता स्वतः वर्दी द्यायची. कोणीही एक वारस अर्ज करू शकतो, सगळ्यांनी एकत्र जायची सक्ती नाही. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडलं की चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. पुण्यात किंवा परदेशात असलेल्या बहिणीने वडील गेल्यानंतरचे काही महिने दर आठवड्याला तिथे नजर टाकावी. नाव वगळून फेरफार प्रमाणित झालाच, तर प्रांताकडे महसूल संहितेच्या कलम २४७ खाली साठ दिवसांत अपील करायचं. उशीर झाला असेल तर विलंब माफीचा अर्ज जोडायचा आणि 'मला नोटीस मिळालीच नाही' हे कारण पत्त्याच्या पुराव्यासह लिहायचं.

जुन्या उताऱ्यांवर दोन नोंदी फार दिसतात. एक, थोरल्या भावाच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.', म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. ही नोंद असली की जमीन एकट्याची नाही हे कागदच सांगतो. बहिणीसाठी तो चांगला पुरावा आहे, ती काढून टाकायचा अर्ज आला तर लक्ष ठेवावं. दुसरी, बहिणींची नावं कब्जेदार सदरी न घालता 'इतर हक्क' या रकान्यात टाकलेली. हे चूक आहे. वारस म्हणून बहीण भावाइतकीच धारक आहे आणि तिचं नाव त्याच्या बरोबरीने मुख्य सदरी हवं. इतर हक्कातलं नाव पुढच्या एखाद्या फेरफारात सहज गळून पडतं, म्हणून आजच दुरुस्तीचा अर्ज द्यावा.

आणि १९७०-८०च्या दशकांतले ते फेरफार, ज्यांत 'बहिणींनी जबाब दिला की आम्हांस हिस्सा नको, सबब नावे कमी केली' असं लिहिलेलं असतं. तलाठ्यापुढच्या जबाबाने स्थावर मिळकतीतला हक्क जात नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क संपवणारा दस्त नोंदणी कायद्याच्या कलम १७ प्रमाणे नोंदवलाच पाहिजे. फेरफार हा सारा कोणाकडून घ्यायचा यासाठीचा कागद आहे, मालकी त्याने ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने वारंवार सांगितलंय. त्यामुळे अशा नोंदीने नाव गेलेल्या बहिणीने हार मानू नये. तिच्यासमोर प्रश्न उरतो तो मुदतीचा. एकत्र कुटुंबाच्या मिळकतीतून आपल्याला वगळल्याचं कळल्यापासून बारा वर्षांत दावा लावावा लागतो आणि 'कळलं केव्हा' यावरच अशा दाव्यांत सगळी उलटतपासणी होते.

आता मूळ हक्कसोडपत्र. ते फक्त सहहिस्सेदाराच्या नावे होतं. भावाच्या नावे करता येतं, पण भाऊ हयात असताना थेट भाच्याच्या किंवा वहिनीच्या नावे केलं तर ते बक्षीसपत्र ठरू शकतं आणि मुद्रांकाचं गणित बदलतं. वडिलोपार्जित मिळकतीत जवळच्या नात्यात हक्कसोड असेल तर नाममात्र मुद्रांक लागतो. तो आधी २०० रुपये होता, ऑक्टोबर २०२४ पासून ५०० झाला. हा स्वस्तपणाच घाईला कारणीभूत आहे. वाटणीपत्र करून बहिणीला थोडी जमीन किंवा रोख रक्कम द्यायची चर्चा कोणी काढत नाही, कारण पाचशे रुपयांत सगळं आटोपतं.

मसुद्यात तीन जागा बोट ठेवून वाचायच्या. मिळकतीचं वर्णन: तिथे गट नंबर, क्षेत्र आणि गाव लिहिलेलं असावं. 'व इतर सर्व स्थावर जंगम मिळकती' असे शब्द आले की बँकेतली ठेव, गावठाणातलं घर, शहरातला प्लॉट सगळं त्यात ओढलं जातं. ती ओळ खोडायला लावावी. दुसरी जागा: 'आज रोजी असलेला व भविष्यात प्राप्त होणारा हक्क'. आई हयात असेल तर तिचा हिस्सा पुढे तिच्या वारसांत जाणार आहे, त्यात मुलगी पुन्हा वारस आहे. आईच्या मिळकतीतला भविष्यातला वारसा आज सोडता येत नाही, मालमत्ता हस्तांतरण कायदा अशा नुसत्या अपेक्षेला हक्क मानत नाही. पण त्या ओळीवर सही करून मोबदला घेतला, तर पुढे तीच सही विरोधात वापरली जाते. तिसरी जागा मोबदल्याची. 'काही एक मोबदला न घेता' असं छापलेलं असतं आणि तोंडी ठरलेलं असतं, "ऊस गेला की पाच लाख देतो." ते पाच लाख मग सिद्ध करता करता आयुष्य जातं. पैसे ठरले असतील तर रक्कम, तारीख आणि चेक क्रमांक दस्तात लिहून घ्यायचा. भाऊ लिहायला तयार नसेल तर सही करू नये, इतकं ते सरळ आहे.

कोणाच्या लाभात सोडतोय तेही लिहा. तीन भाऊ असतील आणि आईला सांभाळणाऱ्या धाकट्यालाच द्यायचं असेल तर त्याचंच नाव असायला हवं. आईच्या लाभातही हक्क सोडता येतो, हा पर्याय फारसा कोणी सुचवत नाही, आणि म्हाताऱ्या आईच्या हाती थोडी जास्त जमीन असणं किती मोलाचं असतं हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

एकदा नोंदलेलं हक्कसोडपत्र तहसीलदार किंवा दुय्यम निबंधक रद्द करत नाही. फसवून किंवा दडपणाखाली सही घेतली असेल तर दिवाणी न्यायालयात दस्त रद्द करण्याचा दावा लावायचा, मुदत फसवणूक कळल्यापासून तीन वर्षं. दुय्यम निबंधकापुढे 'मजकूर वाचून समजला' असं म्हटलेलं असतं, त्यामुळे शाबित करायचं ओझं बहिणीवर येतं. निरक्षर किंवा वयस्क बाई, स्वतंत्र सल्ला मिळालेला नाही, मसुदा भावाच्या माणसाने केलेला, त्याच दिवशी आणून त्याच दिवशी परत पाठवलेली, अशा गोष्टी पुराव्यात आल्या तर दावा उभा राहतो.

भावाची भीतीही खोटी नसते. "उद्या बहिणीने तिसऱ्याला विकलं तर बांधावर परका माणूस येईल." याचं उत्तर कायद्यातच आहे. वारसाने आलेला आपला हिस्सा पहिल्या वर्गातला वारस विकायला निघाला तर बाकीच्या वारसांना तो विकत घेण्याचा अग्रहक्क हिंदू वारसा कायद्याचं कलम २२ देतं, आणि ते शेतजमिनीलाही लागू आहे असं सर्वोच्च न्यायालयाने २०१९ साली बाबूराम वि. संतोख सिंह प्रकरणात म्हटलंय. "जमीन परक्या घरात जाईल" यालाही उत्तर आहे: बाई मूलबाळ नसताना, मृत्युपत्र न करता वारली तर आईवडिलांकडून वारशाने आलेली मिळकत त्याच कायद्याच्या कलम १५ प्रमाणे नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परत येते. घरातल्या बैठकीत ही दोन कलमं कोणी समजावून सांगितली तर पुष्कळ वेळा हक्कसोडाचा आग्रहच सैल पडतो. मग वहिवाट भावाकडे आणि नाव बहिणीचं, असाही तोडगा निघतो.

तोडगा निघालाच नाही तर वाटपाचा दावा. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडेही वाटप होतं, पण कोणी मालकीचा वाद काढला की ते दिवाणी न्यायालयाचा निकाल येईपर्यंत थांबतं. दाव्यात सगळ्या सहहिस्सेदारांना आणि सगळ्या मिळकतींना सामील करावं. एक गट किंवा एक बहीण राहून गेली तर त्यावरूनच वर्षं जातात. दाव्याबरोबर तात्पुरत्या मनाईचा अर्ज, आणि 'लिस पेंडन्स'ची, म्हणजे या जमिनीवर दावा चालू असल्याची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं विसरू नये. मालमत्ता हस्तांतरण कायद्यातल्या १९३९ च्या स्थानिक दुरुस्तीमुळे आपल्याकडे ही नोंदणी महत्त्वाची आहे. ती नसेल तर दावा चालू असताना जमीन घेणारा 'मला दावा माहीतच नव्हता' म्हणायला मोकळा होतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो आणि त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतजमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसील, तिथून भूमी अभिलेखची मोजणी. न्यायालयात जिंकलेली प्रकरणं इथे सर्वांत जास्त अडकतात. मोजणी फी भरली का, नकाशा आला का, नोटिसा बजावल्या का, याचा पाठपुरावा पक्षकारालाच करावा लागतो.

गावातून महामार्ग किंवा धरणाचं भूसंपादन जाणार असेल तर दाव्याची वाट पाहू नये. मोबदला सातबाऱ्यावरच्या नावाला निघतो. निवाडा व्हायच्या आधी भूसंपादन अधिकाऱ्याकडे लेखी हरकत देऊन पोच घ्यावी, म्हणजे वादातली रक्कम वाटून टाकण्याऐवजी प्राधिकरणाकडे किंवा न्यायालयाकडे जाते.

परदेशी असलेल्या बहिणींकडे हक्कसोडपत्राऐवजी मुखत्यारपत्र येतं, ईमेलने, 'प्रिंट काढून वकिलातीत सही कर' म्हणून. त्यात मुखत्यार कोण ते पाहावं. बहुतेक वेळा भाऊच असतो आणि अधिकारांच्या यादीत 'हक्कसोड, बक्षीस, खरेदी, साठेखत' सगळं असतं. म्हणजे तो तिच्या वतीने स्वतःच्याच नावे हक्क सोडून घेऊ शकतो. मुखत्यारपत्र द्यायचंच असेल तर फक्त वारस नोंदीपुरतं आणि नमूद गटांपुरतं, मुदत घालून, शक्यतो भावाशिवाय दुसऱ्या विश्वासातल्या माणसाला द्यावं. परदेशात केलेला दस्त भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्यावर इथला मुद्रांक भरावा लागतो. आणि मुखत्यारपत्र रद्द केलं तर रद्दपत्र नुसतं भावाला पाठवून भागत नाही. त्याची प्रत त्या तालुक्याच्या दुय्यम निबंधकाला आणि तलाठ्याला पोस्टाने पाठवून पोचपावती जपून ठेवायची.